मिसिंग म्हणजे दोन कागदांची गाठ

चोपडा तालुक्यातल्या एका भावाने विचारलं आहे. थोडक्यात असं: "आमचे आप्पा, वय ७६, काल पहाटे घरातून निघाले ते परत आले नाहीत. वर्षभरापासून विसरायला लागले होते. ठाण्यात गेलो तर अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली आणि चोवीस तास वाट पाहा म्हणाले. मोबाईलचं लोकेशन काढा म्हटलं तर साहेब बंदोबस्तावर आहेत म्हणाले. आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, आता दिवसभर फोन येतात आणि एकही खरा निघत नाही. पोलीस यात करतात तरी काय, की नुसती वहीत नोंद करून बसतात?"

भाऊ, उत्तर लांबणार आहे, म्हणून आज अंधार पडायच्या आत करायचं ते आधी सांगतो. कारणं नंतर सवडीने वाचा.

ठाण्यात परत जा. एकटे जाऊ नका. आप्पांना रोज जेवायला वाढणारी घरातली कोणी बाई सोबत न्या. कोणता सदरा होता, चप्पल कुठली, पाठीवर कसला वण आहे हे पुरुषांना सांगता येत नाही, बायकांना येतं. तिथं "अर्ज दिलाय, त्याचं काय झालं" असं विचारू नका. "मनुष्य मिसिंग दाखल करा आणि रजिस्टर नंबर द्या" असं म्हणा. मिसिंग म्हणजे माणूस हरवल्याची रीतसर नोंद. नंबर मिळाला की घरातली माणसं वाटून घ्या. एक जण चोपडा बसस्थानकावर, एक अमळनेर रेल्वे स्टेशनला, एक शिरपूरकडच्या हायवेवर. चौथा घरीच थांबेल, कारण आप्पा आपल्या पायांनी परत आले आणि दाराला कुलूप दिसलं तर ते पुन्हा निघून जातील. असं झालेलं मी पाहिलं आहे. आणि व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज बदला. कसा, ते खाली येईल.

आता मी कोण, ते. जळगाव जिल्ह्यात तीस वर्षं नोकरी केली, सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. शेवटची सात-आठ वर्षं ठाण्यातलं मिसिंगचं टेबल माझ्याकडे होतं. हे टेबल कोणी मागून घेत नाही. ना त्यात बक्षीस, ना पेपरात नाव.

चोवीस तासांचं आधी मिटवू. असा नियम कुठल्याही कायद्यात नाही. तो ठाणे अंमलदाराच्या तोंडात आहे. त्याचं कारणही सांगतो, कारण मी स्वतः तरुणपणी हे वाक्य वापरलं आहे. ठाण्यात येणाऱ्या दहा तक्रारींतली बरीच माणसं रात्रीपर्यंत घरी येतात. कोणी रुसून मामाकडे गेलेलं, कोणी शेतात झोपलेलं. मिसिंग दाखल केली की जबाब, डायरी, बिनतारी संदेश, संगणकावर नोंद, आणि माणूस आला की पुन्हा जबाब आणि पुन्हा संदेश. हा व्याप टाळायला चोवीस तास सांगितले जातात. धडधाकट जवान माणसाच्या बाबतीत हा आळस बहुतेक वेळा खपून जातो. लहान मूल, विसराळू म्हातारा, मनोरुग्ण, औषधावर असलेला माणूस, चिठ्ठी लिहून गेलेला माणूस यांच्या बाबतीत मात्र पहिले चोवीस तासच कामाचे असतात. विसर पडलेला माणूस चालत राहतो, पाणी मागत नाही, आणि खान्देशच्या उन्हात त्याचं काय होतं हे मी वेगळं सांगायला नको.

अर्ज आणि मिसिंग यांत फरक काय? अर्ज आवक रजिस्टरला चढतो, कोणा अंमलदाराच्या नावाने चौकशीला लागतो आणि बांधाच्या भांडणाच्या अर्जाखाली पडून राहतो. तो ठाण्याच्या चार भिंतींबाहेर जात नाही. मिसिंगला नंबर असतो आणि ती बाहेर जाते. स्टेशन डायरीला नोंद होते, तुमचा जबाब होतो, वर्णनासह बिनतारी संदेश जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला आणि तिथून बाकी ठाण्यांना जातो, सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे ठाण्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या संगणक यंत्रणेत, फोटोसह माहिती भरली जाते, शोधपत्रिका निघते. पोच म्हणजे ठाण्याला तुम्ही येऊन गेल्याचं माहीत आहे. नंबर म्हणजे इतर ठाण्यांना आप्पा हरवल्याचं माहीत आहे.

अजूनही टाळाटाळ झाली तर भांडू नका, वर चढा. प्रभारी अधिकारी, मग उपविभागीय अधिकारी म्हणजे डीवायएसपी, मग जळगावचा नियंत्रण कक्ष. ११२ लावलात तर त्या कॉलची नोंद होते आणि ठाण्याला उत्तर द्यावं लागतं. एक वाद मात्र घालू नका: "एफआयआर का नाही?" सज्ञान माणूस घरातून जाणं हा गुन्हा नाही, म्हणून त्यावर गुन्हा दाखल होत नाही, मिसिंगच होते. घातपाताचा खरा संशय असेल, जमिनीचा वाद, पैशाचा व्यवहार, धमकी, तर ते जबाबात स्पष्ट लिहून द्या, मग अपहरणाचं कलम लागू शकतं. पण रागापोटी भाऊबंदाचं नाव घेऊ नका. एकदा एका घराने चुलत्यावर बोट ठेवलं, आम्ही तीन दिवस त्या चुलत्याला विचारत बसलो, आणि त्यांचा म्हातारा तोवर दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका देवळाच्या ओट्यावर बसून होता.

आता तुमचा मुख्य प्रश्न, पोलीस करतात काय. खरं सांगतो: पथकं सुटत नाहीत. बीट अंमलदाराकडे बारा-पंधरा गावं असतात, त्यात समन्स, वॉरंट, पोळा, गणपती, निवडणूक. तो पोलीस पाटलांना फोन करतो, तुमच्या गावात एक चक्कर मारतो, विहिरी बघायला सांगतो. एवढंच. पण माझ्या टेबलावरून जेवढी माणसं घरी परत गेली, त्यातली फार थोडी कोणी शोधायला जाऊन सापडली. बाकीची कुठं ना कुठं आधीच कोणाला तरी सापडलेली होती. कोणी दवाखान्यात भरती, कोणी रेल्वे पोलिसांकडे, कोणी आश्रमात. त्यांच्या नावाचा एक कागद तिथं झालेला असतो, "अनोळखी इसम, वय अंदाजे ७०". आणि इथं माझ्याकडे दुसरा कागद, "आप्पा अमुक, वय ७६". मिसिंगचं सगळं काम म्हणजे या दोन कागदांची गाठ पडणं. ती पडत नाही याची कारणं साधी असतात. वर्णन गुळगुळीत असतं, मधे हद्द येते, नाहीतर भाषा आड येते.

वर्णनाचा माझा स्वतःचा गुन्हा सांगतो. नोकरीच्या मधल्या काळातली गोष्ट. गिरणाकाठच्या एका गावचा पोरगा आला, दारातच रडायला लागला: "साहेब, मनी माय हराई गई." मी नेहमीच्या हाताने लिहून घेतलं: उंची पाच फूट, रंग सावळा, बांधा सडपातळ, नाक सरळ, अंगात हिरवं लुगडं. सही घेतली, संदेश पाठवला, झालं. हे वर्णन आपल्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना बसतं हे तेव्हा डोक्यात आलं नाही. ती बाई गाडीत बसून गुजरातेत गेली होती. तिथल्या पोलिसांनी तिला सरकारी दवाखान्यात टाकलं. लुगडं जाऊन दवाखान्याचे कपडे अंगावर आले. ती अहिराणी बोले, तीही तुटक. त्यांच्या कागदावर लिहिलं होतं, "भाषा समजत नाही, डाव्या हातावर मराठीत नाव गोंदलेलं." तिच्या हातावर तिच्या भावाचं नाव गोंदलेलं होतं. पोराला ते माहीत होतं. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. माझा संदेश त्यांच्याकडे पोचलेला असणार, त्यांचाही कुठल्या तरी फाईलीत माझ्यापर्यंत आला असणार. दोन्ही कागदांत जुळण्यासारखं काहीच नव्हतं. तेवीस दिवसांनी त्या वॉर्डातल्या नंदुरबारकडच्या एका कर्मचाऱ्याने ती अहिराणी ओळखली, तिला गावाचं नाव विचारलं आणि फोन केला. त्यानंतर मी जबाब घेताना पहिला प्रश्न गोंदणाचा विचारायला लागलो.

म्हणून तुमच्या जबाबात रंग-बांधा लिहा, पण त्यावर थांबू नका. कपडे बदलतात, दाढी वाढते. न बदलणारं लिहा: गोंदण, जुनं ऑपरेशन, मोडलेलं बोट, कोणते दात नाहीत, कान टोचलेला आहे का, मोतीबिंदू कोणत्या डोळ्याचा झाला. कोणती भाषा बोलतात ते लिहा. अहिराणी, लेवा पाटीदारांची बोली, तडवी, पावरी, गुजरी, जे असेल ते. सातपुड्यातला पावरी बोलणारा माणूस पुण्यात सापडला तर तिथं त्याला "मुका किंवा वेडसर" लिहिलेलं मी वाचलं आहे. विसराळू माणूस स्वतःचं नाव काय सांगतो तेही लिहा. आधारकार्डावर पांडुरंग असेल, पण विचारल्यावर ते "आप्पा" एवढंच सांगत असतील किंवा लहानपणचं नाव सांगत असतील. तो कागद जुळायला तेच नाव लागतं. फोटो लग्नातला फेट्याचा देऊ नका. गेल्या सहा महिन्यांतला, घरच्या कपड्यांतला, शक्य तर चष्म्यासह एक आणि चष्म्याशिवाय एक.

हद्दीचं दुखणं खान्देशात जरा जास्त आहे. चोपड्याहून अमळनेरला गेलं की सुरत-भुसावळ लाईन. पश्चिमेला बसलात तर नंदुरबार, नवापूर, पुढे गुजरात. नवापूरचं तर रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. पूर्वेला भुसावळ, आणि तिथून गाडी बदलली तर बऱ्हाणपूर, खंडवा. रस्त्याने शिरपूर गाठलं की मुंबई-आग्रा हायवे, पळासनेर ओलांडलं की मध्य प्रदेशातलं सेंधवा. म्हणजे तीन-चार तासांत माणूस तीन राज्यांपैकी कुठंही असू शकतो. रेल्वेची हद्द पुन्हा वेगळी. स्टेशनात आणि गाडीत लोहमार्ग पोलीस आणि आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, रुळाच्या पलीकडे गावचं ठाणं. संदेश सगळीकडे जातो खरा, पण समोर उभं राहून दाखवलेल्या फोटोची सर त्याला येत नाही. तुमच्यातला एक माणूस मिसिंगची प्रत आणि फोटो घेऊन भुसावळच्या लोहमार्ग पोलिसांकडे जाऊ द्या, रेल्वेच्या १३९ या हेल्पलाईनवरही कळवा. शक्य असेल तर दुसरा सेंधव्याला. तिकडे मिसिंग म्हटलं तर पटकन कळणार नाही, "गुम इन्सान" म्हणा.

"खिशात पैसे नव्हते, लांब गेले नसतील" असं घरचे हमखास म्हणतात. हा हिशेब आता विसरा. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना राज्यात एसटी फुकट आहे. आप्पा ७६ चे. आधार खिशात असेल तर कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो, आणि माणूस नाशिक-पुणे कुठंही उतरतो. म्हणून चोपडा आगारात जाऊन काल पहाटेच्या गाड्यांवर कोण कंडक्टर होते ते विचारा आणि त्यांना फोटो दाखवा. तिकिटावर नाव नसतं, पण पहाटेच्या गाडीत एकटा चढलेला म्हातारा कंडक्टरच्या लक्षात राहतो, दोन दिवस तरी. स्थानकावरच्या आणि समोरच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांचंही असंच. डीव्हीआरमध्ये काही दिवसांनी जुन्यावर नवं चढतं. आठवड्याने गेलात तर हात हलवत याल.

विसर पडलेला माणूस जातो कुठं? आपल्याला वाटतं भरकटतो. माझा अनुभव वेगळा आहे, तो बहुधा कुठं तरी जायला निघालेला असतो, फक्त ते ठिकाण चाळीस वर्षांपूर्वीचं असतं. एक म्हातारबाबा होते, रोज संध्याकाळी अस्वस्थ व्हायचे, एके पहाटे गेले. घरच्यांनी विहिरी, नाला, शेत सगळं पालथं घातलं. मी त्यांच्या बायकोला विचारलं, बाबा आधी काय करायचे? म्हणाली, अमळनेरला गिरणीत होते, गिरणी बंद पडली तसे गावी आले. अमळनेरला फोन केला. बाबा बंद गिरणीच्या फाटकाशी बसले होते, डबा नव्हता म्हणून तेवढे चिडलेले. पहिल्या पाळीला आले होते! तेव्हा तुमच्या आप्पांचं जुनं आयुष्य काढा. नोकरी कुठं होती, ऊसतोडीला जायचे का, सुरतेला कोणाकडे राहिले होते का, आईचं माहेर कुठलं, बहीण कुठं दिली, दर चैत्रात सप्तशृंगीला पायी जायचे का, सारंगखेड्याला बैल-घोडे बघायला जायचे का. ही यादी बीट अंमलदाराला द्या, पण त्या ठिकाणचे फोन तुम्हीच लावा. तुमच्या नात्यातले, ओळखीचे लोक तिथं आहेत, पोलिसांचे नाहीत.

मोबाईल लोकेशन. लोकांना वाटतं ठाण्यात एक पडदा असतो आणि त्यावर टिंब हलतं. तसं नाही. ठाण्याकडून मागणी जाते, पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते, जिल्ह्याचा सायबर विभाग किंवा स्थानिक गुन्हे शाखा मोबाईल कंपनीकडून माहिती घेते. जिवाला धोका आहे असं लेखी असेल तर हे लवकर हलतं. म्हणूनच जबाबात "विसराळूपणा आहे, अमुक गोळ्या चालू आहेत, उन्हात जिवाला धोका आहे" हे शब्द हवेत, आणि डॉक्टरची चिठ्ठी जोडा. त्यातून मिळतं ते टॉवरचं नाव. शहरात टॉवर गल्लीपर्यंत आणतो, आपल्याकडे केळीच्या बागांत आणि सातपुड्याच्या पायथ्याला एक टॉवर कित्येक किलोमीटरचा पट्टा धरतो. फोन बंद असेल तर शेवटचा टॉवर एवढंच. तोही कामाचा असतो, दिशा कळते. पण तोवर हात बांधून बसू नका. आप्पांचा फोन स्मार्ट असेल आणि त्यातलं गुगल खातं नातवाने उघडून दिलेलं असेल, तर फोन शोधायची सोय नातवाच्याच हातात आहे. साधा बटणाचा असेल तर सतत फोन लावून त्याची बॅटरी संपवू नका. हे सगळे करतात. तासाला एकदा, एकाच माणसाने.

आता लोकांना कळवण्याचं. यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण चांगल्या मनाने केलेलं सगळ्यात जास्त वाटोळं इथं होतं.

अमेरिकेत अंबर अ‍ॅलर्ट नावाची पद्धत आहे. १९९६ साली टेक्सासमध्ये अंबर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीचं अपहरण होऊन खून झाला, त्यानंतर ती सुरू झाली. परिसरातल्या मोबाईलवर, टीव्हीवर एकदम इशारा जातो. आपल्याकडे का नाही, असं विचारणारे भेटतात. २०२३ मध्ये आपले सगळ्यांचे मोबाईल एकदम कर्कश वाजले होते ना, ती दूरसंचार खात्याची आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी होती. हरवलेल्या माणसासाठी अशी घंटा वाजवणं ठाण्याच्या हातात नाही. पण लक्षात घ्या, अमेरिकेतही ती प्रत्येक हरवलेल्यासाठी वाजत नाही. मूलच हवं, अपहरण झाल्याची पोलिसांची खात्री हवी, जिवाला धोका हवा, आणि लोकांना ओळखता येईल इतकी माहिती हाताशी हवी. रोज वाजणारी घंटा कोणी ऐकत नाही, म्हणून एवढी गाळणी.

आपल्याकडची गाळणी व्हॉट्सअ‍ॅपने काढून टाकली. त्याचं काय होतं हे खान्देशाला वेगळं सांगायला नको. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरते असे मेसेज आठवडाभर मोबाईलवर फिरत होते. सोलापूर जिल्ह्यातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आठवडे बाजाराच्या दिवशी तिथं होते. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मी त्या दिवसांत इकडे जळगाव जिल्ह्यात नोकरीवर होतो, तरी आठ दिवस झोप नव्हती. वेगळ्या भाषेचा, वेगळ्या कपड्यांचा कोणीही माणूस गावात शिरला की फोन यायचा. तेव्हापासून "सावध राहा, संशयित दिसल्यास पकडा" अशा ओळी मेसेजमध्ये दिसल्या की मला घाम फुटतो. तुमच्या आप्पांचाच विचार करा. अनोळखी गावात, उत्तर न देणारा, कोणाच्या तरी अंगणात बसलेला माणूस. तो जमावाच्या हाती लागू नये हीही तुमच्या मेसेजची जबाबदारी आहे.

म्हणून मेसेज असा करा. वर तारीख आणि वेळ, मग नाव, वय, बोली, कपडे, दोन ठळक खुणा. एक ओळ ठळक: "वय झालंय, विसरतात, कोणाला त्रास देत नाहीत. दिसल्यास बसवून पाणी द्या आणि ११२ ला कळवा." मिसिंग नंबर आणि ठाण्याचा फोन. घरचा नंबर द्यायचाच तर एकच, आणि तो उचलणारा माणूसही एकच. प्रत्येक फोन तारीख-वेळेसह वहीत उतरवायचा. घराचा पत्ता नको, बक्षिसाची रक्कम नको. बक्षीस लिहिलं की खरे दोन फोन आणि खोटे दोनशे. फोन करणारा म्हणेल, "बाबा माझ्याजवळ आहेत, गाडीभाड्याला पाच हजार ऑनलाईन टाका." यासाठी एक खूण मेसेजमध्ये लिहायचीच नाही. ती फक्त ठाण्याला आणि तुम्हाला माहीत. फोनवाल्याला विचारायचं, पाठीवर काय आहे? सांगता आलं तर माणूस खरा. नाहीतर त्याचा नंबर ठाण्याला द्या आणि ठेवा.

आता तुम्हाला ऐकायला नको असलेला भाग, पण तो टाळला तर मी अर्धवट उत्तर दिल्यासारखं होईल. सरकारी दवाखान्यांत आजच जाऊन या. आधी चोपडा, मग अमळनेर, जळगावचं शासकीय मेडिकल, धुळ्याचं हिरे मेडिकल. अपघात विभाग आधी, अनोळखी रुग्णांचा वॉर्ड मग, शवागार शेवटी. बेवारस मृतदेहावर ठाणं अकस्मात मृत्यूची नोंद करतं, काही दिवस वाट पाहतं, मग अंत्यसंस्कार होतो. कपडे, फोटो जपून ठेवतात, पण घरच्यांना नंतर नुसत्या फोटोवरून ओळखायला लागणं फार वाईट. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिकांसाठीच्या संकेतस्थळावर हरवलेल्या व्यक्तींची आणि अनोळखी मृतदेहांची यादी असते. ती बघायचं काम घरातल्या मन घट्ट असलेल्या एकाकडे द्या, सगळ्यांनी बघू नका. दवाखान्यात "आमचे आप्पा इथं आले का" असं विचारलंत तर नावाच्या वहीत बघून नाही म्हणतील. "गेल्या दोन दिवसांत अनोळखी म्हणून कोणी भरती आहे का" असं विचारा. भरकटलेल्या मानसिक रुग्णाला पोलिसांनी दवाखान्यात नेऊन त्याची मिसिंग नोंद करायची आणि घर शोधायचं, असं २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आहे, म्हणजे दुसऱ्या टोकालाही कागद व्हायलाच हवा.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन गोष्टी, कारण सगळ्यांची परिस्थिती या भावासारखी नसते.

हरवलेलं अठराच्या आतलं असेल तर सगळं बदलतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बचपन बचाओ आंदोलनाच्या प्रकरणात सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरणाचा किंवा मानवी वाहतुकीचा गुन्हा आहे असं धरूनच एफआयआर नोंदवायचा. आधी भारतीय दंड संहितेचं (भादंवि) कलम ३६३, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १३७(२). हद्दीचं कारण चालत नाही, झिरोने घ्यावं लागतं, म्हणजे हद्द आपली नसली तरी आधी नोंदवायचं आणि मग त्या ठाण्याकडे पाठवायचं. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी वाहतूक विरोधी कक्षाकडे जातो. १०९८ ही मुलांची हेल्पलाईन, तिथंही कळवा. आणि मूल सापडलं की फोटो-नावाचे मेसेज त्याच मिनिटाला काढा. त्याच्यावर काही अत्याचार झाला असेल तर ओळख उघड करणं हा तुमचाच गुन्हा ठरेल.

दुसरं, सज्ञान मुलगी किंवा सून. पुष्कळ जण माझ्यावर चिडून गेले आहेत, "साहेब, ती सापडली तरी पत्ता सांगत नाही." नाही सांगत. अठरा वर्षांवरची बाई आपल्या मर्जीने गेली असेल, तर आम्ही तिचा जबाब घेतो, ती सुखरूप आहे याची खात्री करतो आणि मिसिंग बंद करतो. ती कुठं राहते हे तिला नको असेल तर बापालाही सांगत नाही, नवऱ्यालाही नाही. मारहाणीतून सुटलेल्या बायकोला शोधून द्या म्हणून मिसिंग द्यायला आलेले नवरे मी ओळखायला शिकलो होतो. त्यांना गोंदण, चपला काही आठवत नसायचं, फक्त तिच्या फोनचं लोकेशन हवं असायचं. तिला डांबून ठेवलं आहे अशी खरी भीती असेल तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात हेबियस कॉर्पसची, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयासमोर हजर करा अशी याचिका करता येते, आपले जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्याच खंडपीठाकडे येतात. वकील लागेल, आणि न्यायालयही शेवटी तिलाच विचारणार.

भाऊ, तुमच्याकडे परत येतो. अंमलदाराला रोज फोन करून "काय झालं" विचारू नका, तो रोज "तपास चालू आहे" म्हणेल. दर दोन दिवसांनी नवीन काहीतरी घेऊन जा: कंडक्टरने अमुक ठिकाणी उतरवलं म्हणाला, सुरतेच्या भाच्याचा पत्ता, डॉक्टरची चिठ्ठी. नव्या माहितीवर पुरवणी जबाब घ्यायला सांगा आणि नवीन संदेश त्या विशिष्ट ठाण्याला पाठवायला सांगा. "सर्व पोलीस ठाणे" असा मायना असलेला संदेश कोणीच आपला मानत नाही. ठाण्याच्या नावाने गेलेल्या संदेशाला उत्तर द्यावं लागतं.

आणि आप्पा सापडले की त्यांना आधी जेवू घाला, डॉक्टरला दाखवा, मग दुसऱ्या दिवशी त्यांना सोबत घेऊन ठाण्यात जा. जबाब होईल, मिसिंग बंद होईल, रद्दचा संदेश जाईल. हे न करणारे निम्मे असतात. मग वर्षभराने कुठल्या तरी ठाण्यात आप्पांसारखा दिसणारा कोणी सापडतो आणि तिकडचा अंमलदार तुमच्या जुन्या नंबरवर फोन लावत बसतो. ज्या ज्या ग्रुपवर मेसेज टाकला, तिथं तिथं "सापडले" असं तारखेसह टाका. त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूला तुमचा मोबाईल नंबर न जाणाऱ्या शाईने लिहून ठेवा, सगळ्या सदऱ्यांवर, गंजीवरसुद्धा. चिठ्ठी खिशात ठेवू नका, ते काढून फेकतात.

आप्पा पूर्वी काय काम करायचे, ते तेवढं इथं लिहा.